विमानाची बारी

आमच्या विमानाचे चार मालक होते. बाबा, ज्यांचं दिग्रसला कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. वणीचे काका, ज्यांचे ट्रक राजूरच्या खाणीतला कोळसा वाहायचे. नेरचे एक कापूस व्यापारी आणि यवतमाळचे एक डॉक्टर. नात्यातलं कोणी नव्हतं, काका म्हणायची पद्धत म्हणून मी बाकी तिघांना काका म्हणायचे. विमान एका इंजिनाचं, नाकावर पंखा असलेलं टर्बोप्रॉप, आधी कोणीतरी वापरलेलं. आत सहा माणसं बसत. एरवी ते नागपूरला हँगरमध्ये असायचं आणि ज्याची बारी असेल त्याच्यासाठी यवतमाळच्या धावपट्टीवर येऊन थांबायचं.

ती वर्षं अशी होती, की आपल्याकडे विमान आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. कापसाचं सगळं बिघडलेलं होतं. दिल्लीहून पाहणीसाठी गाड्या यायच्या, टीव्हीवाले यायचे, आमच्या जिल्ह्याचं नाव रोज बातम्यांत. त्यामुळे चौघांनाही एक सवय लागली होती. विमान दुसऱ्याचं आहे असं सांगायचं. बाबा म्हणत, वणीच्या शेठचं आहे, मी कधीमधी बसतो. वणीचे काका म्हणत, डॉक्टरचं आहे. डॉक्टर म्हणत, भाड्यानं येतं. नेरचे काका काहीच म्हणत नसत, त्यांना कोणी विचारतही नसे. नागपूरच्या होस्टेलवर मी मैत्रिणींना सांगत असे की बाबा बसनं फिरतात. खोटं बोलणं मला सोपं जायचं, कारण मी बोलतच कमी होते आणि कमी बोलणाऱ्या मुलीचं सगळं खरं वाटतं.

शिक्षण संपवून मी घरी परतले तेव्हा विमानाची वही माझ्याकडे आली. करारनामा इंग्रजीत होता, कॅप्टन दक्षिणेकडचा होता आणि इंग्रजीशिवाय फारसं बोलत नसे. चौघांत इंग्रजी नीट येणारे फक्त डॉक्टर, त्यांना वेळ नव्हता. दिवस कोणाचा, विमान कुठे गेलं, किती वेळ उडालं, एवढंच लिहायचं. कॅप्टन संध्याकाळी फोनवर आकडा सांगे, मी लिहून घेई. त्याच्याशी बोलायला मला लाज वाटत नसे. दोघांकडेही ठरलेली वाक्यं होती.

बाऱ्या आठवड्याच्या होत्या. सोमवारी सकाळी एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. ही पद्धत बाबांनी घालून दिली होती आणि ती त्यांच्या गावच्या सामाईक विहिरीवरून आली होती. आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ, चौघांत एक विहीर. ज्याची बारी त्याचं पाणी, मग तो ओलित करो नाहीतर मोट नुसती लटकवून ठेवो. दुसऱ्याच्या बारीत पाणी मागायचं नाही, हा नियम. एका साली कोणीतरी मागितलं होतं, दिलं गेलं, पुढच्या साली परत मागितलं, आणि त्यातून भाऊ एकमेकांच्या लग्नांना जाईनासे झाले होते.

जिनिंगच्या ऑफिसात पहिली बैठक झाली तेव्हा सुट्टीत मी घरीच होते. बाबांनी मला करारनामा वाचून सांगायला बसवलं होतं. त्यात एक कलम होतं की, ज्याचा आठवडा असेल त्याच्या संमतीनं दुसरा भागीदार विमान वापरू शकतो. ते मी मराठीत सांगितलं.

"ते कागदावर राहू दे," बाबा म्हणाले. "आपल्यात मागणं नाही. ज्याची बारी त्याची."

"आन् उभं राह्यलं तर?" वणीच्या काकांनी विचारलं.

"तर उभं राहीन."

"तुमची विहीर लय खोल दिसते, भाऊ," काका म्हणाले आणि सगळे हसले. पण कबूल सगळ्यांनी केलं.

तीन वर्षं कोणी कोणाला मागितलं नाही. आई त्या विमानात एकदाही बसली नव्हती. आमच्या आठवड्यात बाबा कधी राजकोटला, कधी कोइम्बतूरला जात, कामाला. आईनं बसायचं म्हटलंही नव्हतं.

मावशी हैदराबादला दिली होती. आईची एकुलती एक मोठी बहीण. तिला कावीळ झाली, मग लिव्हरचं काहीतरी निघालं आणि महिनाभर दवाखान्यात राहून तिची शुद्ध हरपली. एका मंगळवारी सकाळी आठला मावसभावाचा फोन आला. मावशी शुद्धीवर आली आहे, बोलते आहे, आईला बोलवते आहे, तिथले डॉक्टर म्हणतात आजचा दिवस.

आईनं फोन ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबा बूट घालत होते.

"विमान कुठी आहे?"

"यवतमाळलेच आहे," बाबा म्हणाले. मग नाडी बांधत म्हणाले, "बारी वणीची आहे."

"एक फोन तं करा."

"मी गाडी सांगतो. ड्रायव्हरले आत्ताच बोलावतो. तू कपडे घे." त्यांनी दुसरा बूट घातला आणि ते जिनिंगला गेले. गाडी तिथेच होती. ते ड्रायव्हरला पाठवून तसेच तिथे थांबले, कारण त्या दिवशी तिथे सरकारी माणसं पाहणीला येणार होती.

मी वही घेऊन बसले होते. आई माझ्याजवळ आली. तिनं दोन लुगडी घडी करून हातावर घेतली होती.

"तू लाव फोन वणीले," ती म्हणाली. "तुह्या बाबाचा नियम तुह्या बाबापाशी. तू लेकरू आहेस, तुले कोण नाही म्हणन. कॅप्टनले सांगून ठेव, आपण अकरापर्यंत पोचतो."

मी फोन लावला. काकांनीच उचलला.

"बोल बेटा."

मला आठवतं ते असं: त्यांच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली. मी शिट्टी संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "काका, वहीत आजचं लिहायचं होतं. कुठे जाणार आहे का?"

"आज? कुठीच नाही. हैद्राबाद नाही, मुंबई नाही. बिलासपूरची मीटिंग होती, ते रद्द झाली. इमान उभंच आहे पोट्टं. कॅप्टन रेस्टहाउसवर झोपून राह्यला असन. शून्य लिही." ते हसले. "आन् काय म्हणते? सगळे बरे?"

"हो, बरे आहेत."

"बाबाले नमस्कार सांग."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. दारात आई उभी होती. तिला माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, मी फार हळू बोलते.

"काय म्हणे?"

"नाही जमत म्हणाले. त्यांना जायचं आहे."

आईनं मान हलवली. रागावली नाही. बाहेर गाडी आली होती.

यावर मी बरीच वर्षं विचार केला असेल असं कोणाला वाटेल. तसा केला नाही. मागायला तोंड उघडत नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं. बाथरूमला जायचं असलं तरी मी तास संपेपर्यंत बसून राहायचे. बाबांचा नियम मला तेव्हा आठवला होता का, तेही नक्की सांगता येत नाही. वहीत त्या तारखेपुढे मी शून्य लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि आईबरोबर गाडीत बसले.

पुसद, उमरखेड, भोकर. रस्ता उखडलेला होता. आई खिडकीकडे बसली होती आणि मधूनच ड्रायव्हरला किती राहिलं विचारत होती. भोकरला त्यानं चहासाठी गाडी थांबवली तर ती म्हणाली, "मंग घेजा. आधी पोचू." निर्मळच्या अलीकडे माझा मोबाइल वाजला. सव्वातीनला मावशी गेली होती. मी आईला सांगितलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

"थांबू नका," आई म्हणाली. "चालू द्या."

दिवे लागल्यावर आम्ही पोचलो. मावशीच्या सुनेनं आईला जवळ घेतलं आणि सांगितलं की दोन वाजेपर्यंत त्या बोलत होत्या, दाराकडे पाहत होत्या. सांगायला नको होतं. पण सांगितलं. मी मनात हिशेब केला: नऊला घरून, साडेदहा-अकराला धावपट्टी, बाराला हैदराबाद, मग दवाखाना. एक वाजता. फार तर सव्वा.

राख सावडून आम्ही परत आलो. दोन दिवसांनी वणीचे काका आणि काकू भेटायला आले. बैठकीत बाबा होते, आई खाली सतरंजीवर बसली होती. मी पाण्याचे पेले घेऊन आले. काकांनी एक घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"वहिनी, कधी कळलं तुमाले? आदल्या दिवशी?"

"त्याच दिवशी. सकाळी आठले."

"मंगळवारी?" काकांनी बाबांकडे पाहिलं. "अन् गाडीनं गेले? इमान तं दिवसभर उभं होतं. पोरगी सकाळी बोलली न माह्यासंग. म्या शून्य लिहाले सांगतलं. मले काय माहीत. एक शब्द टाकला असता तं मी सोता कॅप्टनले उठवलं असतं."

"आपल्यात मागणं नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"मरणाले कायची बारी, भाऊ? विहिरीवर बी मौत झाली त पाणी देतच होते न लोक."

काकूंनी काकांच्या गुडघ्याला हात लावून त्यांना थांबवलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माझ्या हातातला पेला तिनं घेतला, काकूंपुढे ठेवला आणि म्हणाली, "चहा टाक."

मी स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाईपर्यंत मला कळलं नाही की गॅस मोठा आहे. बाहेरून काकांचा आवाज येत होता. तेरवीला हैदराबादला जायचं असेल, तो आठवडा डॉक्टरांचा आहे, मी त्यांच्याशी बोलतो, बदल्यात माझा पुढचा त्यांना देतो. बाबा म्हणाले, नको, गाडी आहे. मग आईचा आवाज आला.

"घेऊ आमी. सांगा त्यायले."

पुढचे आठ दिवस आई मला काही म्हणाली नाही. म्हणजे सगळं म्हणाली, कपडे वाळले का, भाजी कोणती, आंघोळ झाली का. त्या एका गोष्टीबद्दल नाही. मी सांगायचं ठरवत असे आणि ती ओट्याकडे वळली की राहून जाई.

तेरवीच्या सकाळी आम्ही यवतमाळला गेलो. धावपट्टीच्या कडेनं गवत वाढलेलं होतं. आई पायरीवर चढताना अडखळली, कॅप्टननं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. आत ती मधल्या सीटवर बसली, मावशीच्या घरी न्यायचा डबा मांडीवर. बाबा तिच्या समोर. पट्टा मी बांधून दिला. तिच्या पोटाजवळ वाकले असताना मला तिच्या लुगड्याचा वास आला आणि वाटलं, आता सांगावं. पंखा सुरू झाला.

वर गेल्यावर आईनं खाली पाहिलं. कपाशीच्या पऱ्हाटीचे तुकडे, मध्ये तूर, मग टेकड्या, मग नदी. बाबा वर्तमानपत्र उघडून बसले होते, पान उलटत नव्हते. थोड्या वेळानं कान दडपल्यासारखे झाले आणि विमान उतरायला लागलं. आईनं डबा घट्ट धरला.

पंखा थांबला तेव्हा कॅप्टन मागे वळला. आई मला म्हणाली, "त्याले विचार, किती वेळ लागला."

मी इंग्रजीत विचारलं. त्यानं घड्याळ पाहून सांगितलं.

"बावन्न मिनिटं," मी म्हणाले.

आईनं पट्टा स्वतःच सोडला. पहिल्यांदा तिला जमलं नाही, मग जमलं.

"या वेळी विचारलं न खरंच?"

"हो," मी म्हणाले.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. कॅप्टननं दार उघडलं, खालून गरम हवा आत आली. आई डबा घेऊन उतरली आणि आमच्यासाठी न थांबता पुढे चालायला लागली.