गोविंदाची नळी

रत्नागिरी बंदरातून आगबोट सुटली तेव्हा मी कठड्याशी उभा होतो. बसवत नव्हते. परवा आमच्या घरी रामाकाकाचा पुतळा जाळायचा होता.

परदेशी गेलेल्या माणसाची बारा वर्षे खबर नसली, की आमच्याकडे पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. जर्मन लढाईत काका सरकारी मालाच्या बोटीवर कोळसा टाकायला गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. नंतर घरी माणूस आला नाही, कागदही नाही. भटजींनी दिवस काढून दिला, पण काकी हटून बसली.

"त्यांच्यासंगती दाभोळचा गोविंद गेलेला. त्यो घरी हाय म्हंतात. त्यो वाचला, तर हेबी असतील कुटंतरी. त्याला इचारून ये. मग पुसा माजं कुंकू."

घरातून मुंबईला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मला चार माणसांत धड बोलता येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

जयगड मागे पडले. काकीने बांधून दिलेली भाकरी आणि जवळ्याची चटणी तशीच राहिली. काय विचारायचे, ते मनाशी जुळवत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो. उजवीकडे अंजनवेलचा किल्ला आला आणि बोट दाभोळसमोर वाशिष्ठीच्या मुखाशी थांबली. उतारूंना किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना माझा पाय चुकला. कमरेपर्यंत भिजलो आणि एक वहाण समुद्रात गेली.

"कालेजात पवायला न्हाय शिकवत?" पडाववाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

बंदरावर मासे विकणाऱ्या एका बाईला गोविंदाचे घर विचारले.

"सरकारात मेलेला गोविंद ना?" ती म्हणाली. "त्यो बग, जाळं शिवतोय."

मला काही समजले नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

गोविंद माझ्या एका वहाणेकडे पाहत राहिला. मी काकाचे नाव घेतले आणि त्याच्या हातातली सुई थांबली.

"बारा वर्सं वाट बगतोय," तो म्हणाला, "तुमच्यातला कोन येतोय त्याची."

मुंबईहून बोट सुटायच्या दिवशी गोविंद तापाने पडला होता. काकाला नोकरी हवी होती, पण त्याच्याजवळ नळी नव्हती. खलाशाचे कागद पत्र्याच्या नळीत ठेवतात, म्हणून त्या कागदांनाच नळी म्हणतात.

"माजी नळी घेऊन गेला. कागदावर उंची लिवलेली असते. आमी दोगं डोईला डोई, म्हनून खपलं. गावाला मी सांगितलं, माजी बोट चुकली. मग ह्ये आलं."

त्याने पेटीतून कागद काढून माझ्या हातात दिला. मी इंग्रजी वाचले. बोट शत्रूने बुडवली होती. इंजिनखोलीतले कोणी वाचले नव्हते. मृताचे नाव गोविंदाचे होते.

"मग आमच्याकडे का नाही आलात?"

"काय तोंडानं येऊ, बाला?"

कागद घेऊन मी एकटा परतू शकलो असतो. पण काकीपुढे तो मला वाचवला नसता. मी म्हणालो, "तुम्ही चला."  त्याने जाळे गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो. गोविंद अंगणातच उभा राहिला आणि तिथूनच त्याने सगळे सांगितले. काकी उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

"म्हंजी कागदावर मेलात तुमी."

"व्हय, वैनी."

"नि हितं ऱ्हायलात पेज खात."

"व्हय."

काकी उठून आत गेली. थोड्या वेळाने तिने तांब्याभर पाणी आणून त्याच्या पायाशी ठेवले.

सकाळी पुतळा बांधताना भटजींनी काकाची उंची विचारली. घरात कोणालाच सांगता येईना. काकीचे कपाळ तेव्हा मोकळे होते. ती म्हणाली, "गोविंदभावजींना मोजा."

भटजींनी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत सुंभाने मोजले. तो डोळे मिटून ताठ उभा होता, श्वासही जपून घेत होता. त्या मापाचा पुतळा झाला. अग्नी मी दिला.

आता मी मुंबईला परत निघालो आहे. गोविंद दाभोळला उतरून गेला. मी पुन्हा कठड्याशीच उभा आहे. काका कुठे आहे ते विचारायला गेलो होतो. त्याची उंची तेवढी घेऊन आलो.