दोरीपलीकडे बोट्स्वाना

उइटहॉर्न या डच गावातल्या शाळेत माझ्या मुलीला दीड वर्ष होत आलं होतं आणि तिच्या बाईंचं म्हणणं होतं, की वर्गात ती अजून बोललेलीच नाही. घरी तिचं तोंड बंद होत नसे, त्यामुळे मला आधी हे खरंच वाटेना. मग तिची ‘स्प्रेकब्यूर्ट’ची पाळी आली. वर्गासमोर उभं राहून आवडत्या विषयावर दहा मिनिटं डचमध्ये बोलायचं. नऊ वर्षांची पोर घाबरली. खरं सांगायचं तर मीही.

विषय तिनेच निवडला: कगालागाडी. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना या दोन देशांचं मिळून असलेलं अभयारण्य. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जाऊन आलो होतो. स्लोटरडाइकच्या ऑफिसात माझा अर्धा दिवस स्लाइड बनवण्यात जायचा, त्यामुळे माझे हात शिवशिवायलाच लागले. बावीस स्लाइड झाल्या. क्षेत्रफळ, पर्जन्यमान, दोन सरकारांमधला करार आणि शेवटी ‘ठळक मुद्दे’. मग मी तिच्याकडून ते घोकून घ्यायला बसलो. तिसऱ्याच स्लाइडवर ती अडकली, मी आवाज चढवला, ती रडली.

"अरे, प्रमोशन तुला हवंय की तिला?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बाबा, नोबडी केअर्स," मुलगी नाक पुसत म्हणाली. "आय विल डू इट माय वे."

मला राग आला. लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, कर तुला काय करायचं ते.

त्या दिवशी एका पालकाला वर्गात मागे बसायची परवानगी होती; मी गेलो. मुलगी पुढे आली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता, नुसती उड्या मारायची दोरी होती. माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हवर बावीसच्या बावीस स्लाइड होत्या आणि मी तो घट्ट धरून बसलो होतो. मग तिने दोरी जमिनीवर आडवी टाकली. ही कोरडी नदी, ती हळूच डचमध्ये म्हणाली. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, मध्ये कुंपण नाही. सिंह सकाळी इथे असतो, दुपारी तिथे. तिचा आवाज जरा मोठा झाला. माझ्या बाबाने गेटवर कागदपत्रांची जाडजूड फाइल काढली, माझ्या जन्मदाखल्यासकट! गेटवरचा माणूस म्हणाला, याच गेटने परत येणार ना? मग कागद नकोत, आत हव्या तेवढ्या वेळा इकडून तिकडे जा.

वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले.

मग तिने सगळ्यांना उभं केलं. तुम्ही सगळे गेम्सबॉक, म्हणजे भाल्यासारख्या सरळ शिंगांची हरणं. बाबा, तू ऑफिसर. मी दोरीपाशी जाऊन उभा राहिलो आणि मराठीत पुटपुटलो, "विचारू काय?"

"काहीच नाही," सगळ्यांदेखत ती खणखणीत मराठीत म्हणाली. "नुसतं जाऊ दे."

डोक्यावर दोन बोटं धरून अख्खा वर्ग माझ्यासमोरून बोट्स्वानात गेला. शेवटी बाईही गेल्या.

शाळा सुटल्यावर दोन मुलींनी आपल्या सायकली तिच्या सायकलला लगटून काढल्या. आम्स्टेल नदीच्या काठाने त्या तिघी पुढे, मी मागे. तिघी एकाच वेळी बोलत होत्या आणि त्यांचं डच मला निम्मंही कळत नव्हतं. आमच्या वळणावर ती ओरडली, "बाबा, जेवायला मी यांच्याकडे!" आणि सरळ निघून गेली. मला मनापासून आनंद झाला. घरी पोहोचेपर्यंत मात्र तिची आठवण यायला लागली होती.