कमानीखालची होडी

आमच्या मुलुंडच्या शाळेत कोणी पाहुणा आला की सावंत सर त्याला होडी दाखवत, आणि होडीच्याही आधी करवतीची खूण. "इथं बघा. हे मी कापलंय." मग बाकीची माहिती.

होडी बर्फावर चालणारी होती. आमच्याकडे बर्फ गोळ्यात असतो नाहीतर माशांखाली, त्यामुळे आम्हा शिक्षकांनाही ती समजायला वेळ लागला. लांब निमुळतं लाकडी अंग, वर शिडाची काठी, खाली आडवी फळी आणि फळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी पाती. जवळच्या कारखान्यातल्या एका डच इंजिनिअरने आजोबांची आठवण म्हणून ती हौसेने इकडे आणली होती. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास तो वारला. सर त्याच्या मुलाला भौतिकशास्त्र शिकवत, म्हणून इंजिनिअरच्या पत्नीने, म्हणजे आमच्या बाईंनी, होडी सरांना दिली. "अख्खी ठेवा," एवढंच म्हणाल्या. सरांनी शब्द दिला. त्यांना ती घर्षण शिकवायला हवी होती.

हेडमास्तरांना मात्र उद्घाटन हवं होतं. एक पुढारी येणार ठरले आणि फाटकावर त्यांच्या नावाची कमान उभी राहिली. त्याच सकाळी कारखान्याच्या गोदामातून होडी ट्रकने आली आणि तिची आडवी फळी कमानीच्या बांबूंत अडली. फळीचे बोल्ट आमच्या कुठल्याच पान्ह्याला दाद देईनात. कमान सोडायला फार वेळ लागला नसता, पण तिच्यावर नाव होतं.

"साहेब नाक्यावर पोचलेत," हेडमास्तर म्हणाले. "फळीच कापा ना थोडी."

आम्ही सगळे सरांकडे बघत राहिलो.

"करवत इकडे द्या," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातून नको."

पुढाऱ्यांनी भाषणात मच्छीमारांच्या प्रश्नांना हात घातला आणि ते गेले.

तुकडा जोडून वरून रंग देऊ, असं मी नंतर सुचवलं. "नको रे," सर म्हणाले. "रंग दिलास तर मी विसरेन. मला मी माहीत आहे ना."

उद्घाटनानंतर मायदेशी गेलेल्या बाई काही वर्षांनी हॉलंडहून आल्या. हेडमास्तरांनी कापलेल्या कडेवर झेंडूची माळ सोडली. "सर, आज तेवढं खुणेचं नको हं." सरांनी बाईंसमोरच माळ उचलली आणि कमानीची सगळी हकिकत सांगितली. शेवटी शेवटी भाषा मालवणी झाली. "तुमका शब्द दिलेलंय, बाई. मियाच कापलंय ता." बाईंना शब्द कळले नसावेत, पण बाकी सगळं कळलं.

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "या बोल्टांचा पान्हा वेगळा असतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरात होता. त्या दिवशी मी घरीच होते. वाटलं, बोलावतील."

उद्घाटनाला पुढाऱ्यांचे मेहुणेसुद्धा आले होते. बाईंना बोलवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सरांच्याही.

बाईंना रिक्षात बसवून सर फाटकाशी उभे राहिले.

"सर, बाईंबरोबर फोटो राहिला हो," मागून हेडमास्तर म्हणाले.

"राहू दे," सर म्हणाले. "त्यांना बोलवायचं पण राहिलंच होतं."