उमेदवाराचं नाव

लोकनेत्याचं नाव त्याच्या घरच्यांचं राहत नाही, ते जनतेचं होतं, असं आमच्या पडवीत बसून चहा पिणारे थोर लोक मला सांगत. सांगताना त्यांचा आवाज खाली येई, एखादा तर डोळेही मिटून घेई. घरच्यांनी हा त्याग हसतमुखाने करावा, अशी त्यांची अपेक्षा असे. मी मान हलवून कपबशा उचलत असे. माझ्या वाट्याला तो त्याग फारसा आला नाही, कारण ते नाव माझ्याकडे मुळात नव्हतंच. लग्न झाल्यापासून मी ते तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. आमच्या भागात कुठलीच बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. किती कमी होतं ते कुणी करून पाहिलेलं नव्हतं.

माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या घरी मी सातवी पास झाले आणि मिळेल ते वाचत राहिले. सासर मिळालं ते कर्जत तालुक्यातलं, पोशीर नदीच्या पलीकडचं, भाताच्या खाचरांमधलं. हे मॅट्रिक झालेले, पण नोकरीला न जाता शेती बघत. सगळ्या गावात वर्तमानपत्र फक्त आमच्याकडे येई, तेही नेरळ स्टेशनवरून, दुसऱ्या दिवशी. दिवेलागणीला हे ओटीवर बसून ते मोठ्याने वाचत. ऐकायला चारदोन शेजारी असत, पण वाचन त्यांच्यासाठी नव्हतं हे मला माहीत होतं. मी आत चुलीपाशी भाकऱ्या थापत असे. एखाद्या पुढाऱ्याचं लांबलचक भाषण आलं, की मी परातीवर उलथनं आपटायची. तेवढ्यावर हे म्हणत, "हा भाग सोडून देऊ," आणि पान उलटत. शेजाऱ्यांना वाटे, ह्यांना राजकारणातलं फार कळतं.

असा आमचा संसार होता. एकमेकांना हाक मारायला दोघांकडेही नाव नव्हतं. मी म्हणे "अहो", ते म्हणत "ऐकलंस का". पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र नाव घ्यावंच लागे. उखाण्यात घेतलं तर आयुष्याला धक्का लागत नाही, अशी सोय कुणा शहाण्या बाईने करून ठेवलेली. बायका माजघरात जमत, पुरुष बाहेर जात. हे मात्र काहीतरी शोधायच्या निमित्ताने मागल्या दारी येत आणि दाराआड उभे राहत. पहिल्या वर्षी मी शिकवलेला उखाणा म्हटला. दुसऱ्या वर्षी स्वतःचा केला:

"भिवपुरीची वीज उजळते मुंबई नगरी, अमुकरावांचं नाव घेते, दिवा नाही आमच्या घरी."

अमुकराव हे अर्थातच तेव्हा नव्हतं, खरं नाव होतं. भिवपुरीचं वीजघर आमच्यापासून इतकं जवळ, की तिथल्या क्वार्टर्सचे दिवे अंगणातून दिसत. आमच्याकडे रॉकेलची चिमणी. बायका हसल्या. दाराआडून एक हसू आलं, ते लगेच खोकल्यात बदललं. सासूबाई म्हणाल्या, "मांजर शिरलं वाटतं गं मागं." मी म्हटलं, "असेल, आत्याबाई." वर्षातून एकदा नाव घ्यायचं आणि त्या दाराकडे कान ठेवायचा. मला तेवढं पुरत असे.

बेचाळीस साली हे तुरुंगात गेले. का गेले ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर इतकी भाषणं झाली आहेत, की मी त्यात भर घालत नाही. मला आठवतात त्या दोन संक्रांती. बायका जमल्या, नाव घे म्हणाल्या, मी घेतलं. मागलं दार वाऱ्याने वाजत होतं. सासूबाईंनी उठून कडी लावली.

सुटून आले ते वाळलेले होते. बिनदुधाचा चहा पिऊ लागले होते, सूत कातू लागले होते, आणि बोलताना परिच्छेद पाडू लागले होते. आमटी हवी असली तर "मला वाटतं, आमटीचा विचार व्हावा" असं म्हणत. तुरुंगात जमलेली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांना व्याख्यानं देत आणि यांनी ती सगळी ऐकलेली. गावात आता त्यांना कुणी नावाने हाक मारीना. ते 'भाऊ' झाले. कर्जतपासून खालापूरपर्यंत म्हातारी माणसंसुद्धा त्यांना भाऊ म्हणत. पडवीत माणसं असत, ओटीवर असत, अंगणात असत. वर्तमानपत्र अजूनही येई, पण ते कुठल्यातरी कार्यकर्त्याच्या हातात जाई आणि त्याला मोठ्याने वाचता येत नसे. मी एकदोनदा उलथनं आपटून पाहिलं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "वैनी, चहा जाला काय?"

मग निवडणूक आली. हे मुंबईच्या असेंब्लीसाठी उभे राहिले. गावोगाव सभा झाल्या आणि त्यातलं एक वाक्य फार गाजलं. "भिवपुरीची वीज मुंबईला, आणि आमच्या घरात चिमणी!" लोक टाळ्या पिटत. वाक्य कुठून आलं ते कुणी विचारलं नाही, आणि ह्यांनीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. हळदीकुंकवाच्या वेळी दाराआड उभा होतो, असं कुठला पुढारी सांगेल? मी सभेत बायकांच्या बाजूला बसून ऐकलं. माझ्याच उखाण्यातून नाव तेवढं गाळलेलं होतं.

बायकांत प्रचार करायला मी जावं असं ठरलं. मत तेव्हा सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर काही जमीन, किंवा ज्याला काही शिक्षण, त्याला आणि काही ठिकाणी त्याच्या बायकोला. मी बैलगाडीतून निघाले. खालापूरच्या बाजूच्या एका गावात पंधरावीस बायका एका पडवीत जमल्या. मी उभी राहिले आणि दोन मिनिटं बरी बोलले. मग एकीने विचारलं, "ते समदं ठीक, पन मत कोनाला द्याचं?"

"आमच्याकडच्यांना," मी म्हटलं.

"तुमच्याकडचं म्हंजे कंचं?"

"म्हणजे... हे."

सगळ्या वळून बाहेर बघू लागल्या. बाहेर बैलांना गवत टाकत आमचा गाडीवान उभा होता. एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "ह्यो? ह्यो तर लय बारका हाय."

"अहो हे नाहीत! हे कर्जतला सभेत आहेत."

"मंग नाव सांग ना गं बाय. नावाबिगर कसं वळखू?"

तेव्हा दुसरी एक मदतीला आली. "ती कशी सांगल? धनी हाय तिचा. वैनी, उखान्यात घ्या की!"

घेतलं. भिवपुरीचाच घेतला, मला दुसरा येत नव्हता. बायका खूश झाल्या. मग प्रत्येकीने आपापला घेतला, कारण एकीने घेतला आणि दुसरीने नाही असं आमच्याकडे चालत नाही. दुपार टळली. कोणत्या नवऱ्याला मत द्यायचं हे त्या घोळक्यात कितपत लक्षात राहिलं असेल, देव जाणे. शेवटी ती म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "मी देईन गं मत. पन तुज्या धन्याचं नाव माज्या सासऱ्याचं. मी काय त्ये घ्याची नाय."

"मग कुणाला सांगताना काय म्हणाल?"

"सांगीन, ज्याचं नाव घेत नाय, त्यो."

इतकं अचूक वर्णन ह्यांचं कुणी केलेलं नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासींच्या ठाकूरवाडीतही आम्ही गेलो. तिथे मत एकालाही नव्हतं. सगळ्यांत शांतपणे ऐकलं ते त्यांनीच. निघताना एका बाईने मला करवंदांचा द्रोण दिला आणि विचारलं, "मानूस घरी कवा येतो तुजा?" तो प्रश्न मला जिल्ह्यात दुसऱ्या कुणी विचारला नाही. मी म्हटलं, निवडणूक झाली की. तिने मान हलवली. तिला ते पटलेलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही.

हे निवडून आले. मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, आणि मुंबईला जाऊन शपथ घ्यायचा दिवस ठरला. आता ते मुंबईतच राहणार होते. "खोली मिळाली की तुला नेतो," असं मला भरल्या पडवीतून ओरडून सांगितलं, तेव्हा चारपाच जणांनी "अवश्य, अवश्य" म्हटलं. खोली मिळणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या सकाळी मी मनाशी एक ठरवलं. सगळ्या तालुक्याने ह्यांचं नाव भिंतींवर चुन्याने रंगवलं होतं, लग्नाच्या बँडवाल्यांनी ते वाजवता येत नाही म्हणून ओरडून सांगितलं होतं. मला ते एकदा, उखाण्याशिवाय, त्यांच्या तोंडावर घ्यायचं होतं. आयुष्य कमी होईल म्हणावं तर जे आयुष्य निघून चाललं होतं ते माझ्या वाट्याचं होतंच कुठे? निघण्याआधी पाच मिनिटं देवघरात येतील, तेव्हा घ्यायचं. हे देवघरात आले, त्यांच्यामागून सातआठ माणसं आली आणि सगळ्यांनी मिळून देवाला नमस्कार केला. मी ह्यांच्या हातावर दही घातलं. ह्यांनी माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "भाऊ, गाडी चुकंल."

कर्जत स्टेशनावर माणूस मावत नव्हता. पुण्याहून घाट उतरून आलेली गाडी तिथे थोडी जास्त थांबते, त्यामुळे भाषणांना वेळ मिळतो. तीन झाली. मी आणि सासूबाई पाण्याच्या नळापाशी उभ्या होतो. हार गळ्यापासून कानापर्यंत आले होते, ह्यांचं तोंड दिसत नव्हतं. म्हणून मी खाली पाहत होते, आणि डब्याच्या पायरीवर चढताना मला त्यांचे पाय दिसले. डाव्या पायात त्यांची चप्पल होती. उजव्या पायात दुसऱ्याच कुणाची. आमच्या दारात त्या सकाळी इतक्या चपला पडल्या होत्या, की नवल ते काय.

गाडीने शिट्टी दिली. मी पुढे घुसले आणि ओरडले, "अहो!"

फलाटावरच्या निम्म्या पुरुषांनी मागे वळून पाहिलं. हे सोडून.

"अहो, ऐकलंत का!"

उरलेल्या निम्म्यांनी पाहिलं. गाडी हलली. तेव्हा मी नाव घेतलं. पुरं, मोठ्याने, जसं आहे तसं. कुठला उखाणा नाही, रावसुद्धा नाही. माझ्या आवाजाची मलाच ओळख पटली नाही.

"की जय!" सगळा फलाट एका सुरात गरजला.

हे दारात वळले. हारांच्या वरून त्यांचे डोळे कुणाला तरी शोधत होते, असं मला वाटलं. आजही वाटतं. मग त्यांनी हात जोडले आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांना नमस्कार केला. त्या सगळ्यांत मीही आले.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय गं, नवऱ्याचं नाव घेतलंस?"

"घोषणा दिली, आत्याबाई."

"मंग बरं," त्या म्हणाल्या.

हे महिन्याने घरी आले, तेव्हा ओटीवर एक क्षण कुणी नव्हतं. मी विचारलं, "स्टेशनवर मी हाक मारली ती ऐकलीत?"

"सगळेच मारत होते," ते म्हणाले, आणि मग म्हणाले, "तूही होतीस त्यात?" मी हो म्हटलं. ते माझ्याकडे वळले. काहीतरी विचारणारच होते, एवढ्यात अंगणात सायकल वाजली आणि ते उठले.

पुढे ते फार मोठे झाले. त्यांच्या नावाला पुष्कळ गोष्टी चिकटल्या, आणि त्यांच्या चरित्रात त्या शपथविधीचं वर्णन आहे. भारदस्त वातावरण, गंभीर चेहरा, खणखणीत आवाज, असं सगळं. ते खोटं नसावं. शपथ त्यांनी त्याच दोन चपलांत घेतली. उजवीचा मालक त्या दिवशी अनवाणी घरी गेला असणार, पण ती मागायला कुणी आलं नाही. त्या काळात त्याग करणारे पुष्कळ होते. आमच्या दारात उरलेल्या दोन चपला, ह्यांची उजवी आणि त्याची डावी, सासूबाईंनी गड्याला देऊन टाकल्या. त्याने त्या पाऊस लागेपर्यंत वापरल्या. भाऊंची तेवढी करकरते, एवढीच त्याची तक्रार होती.