अख्ख्या गावात एकच गाय

अख्ख्या मराठवाड्यात आमच्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस झाला नाही, आणि एवढा मोठा राग एवढ्या लहान गोष्टीवर खर्च करणारा तर नाहीच नाही. रिक्षावाल्यानं दुप्पट भाडं मागितलं तर ते मुकाट देत. शेजाऱ्यानं दारात मोटारसायकल आडवी लावली तर अंग चोरून बाजूनं जात. पण एक्सेलच्या शीटमध्ये कुणी दोन रकाने जोडून एक केलेले दिसले, की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत, पंखा वाढवत, आणि पुढचा अर्धा तास त्यांच्या क्लासखालच्या मेसमधली माणसं जेवता जेवता वर बघत. एकदा एका लग्नात वाढप्यानं त्यांच्या भातावरच जिलेबी ठेवली. "एका रकान्यात दोन गोष्टी कामून?" असं त्यांनी त्या बिचाऱ्याला विचारलं. तो पुढच्या पंगतीला दिसला नाही.

लातुरात जो तो पोराला डॉक्टर करायच्या मागे. त्या रेट्यातून सुटलेली दहा-पाच पोरंपोरी साडूंच्या क्लासला येत. क्लास डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, मेसच्या माडीवर. एक्सेलमधली माहिती डेटाबेसमध्ये कशी न्यायची, हे ते तिथं नवशिक्यांना शिकवत. "एक्सेल म्हंजी जनावरांचा बाजार," पहिल्याच दिवशी सांगत. "कोणबी कुठंबी उभं. डेटाबेस म्हंजी गोठा. ज्याची त्याची दावण ठरलेली. बाजारातलं जनावर गोठ्यात न्यायचं तर आधी वळीत उभं करा." पण पोरं ओळीत कुठली उभी करतात. शीटच्या पहिल्या ओळीत ॥ श्री ॥ लिहायचं, दुसरी शोभेसाठी मोकळी सोडायची, तळाशी मोठ्या अक्षरात 'एकूण'. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असणार असं समजून डेटाबेस बिचारा 'श्री' नावाचा रकाना तयार करी आणि त्यात माणसं भरी. "देव हाय तर देव्हाऱ्यात ठेव," साडू गरजत, "त्याचा रकाना कामून करून राहिलीस?" जळकोटची एक मुलगी याला इतकी घाबरली, की घरी वाणसामानाच्या चिठ्ठीवरही श्री लिहीनाशी झाली, असं तिच्या आईनं अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. "तुमच्या ह्या तोंडापायी क्लास बसंल एक दिवस," ती म्हणायची. साडू म्हणायचे, "बसू दे. शीट तर नीट हुईल."

त्या क्लासचा सर्वांत वयस्कर आणि सर्वांत मठ्ठ विद्यार्थी मी. देवणीजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचा मी सचिव. जनावरांची यादी संगणकात घाला, असा वरून हुकूम आला, म्हणून रविवारी एसटीनं लातूर गाठायचो. प्रत्येक गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडी नंबर. तीच तिची ओळख. डेटाबेसमध्ये दोघींचा नंबर एक चालत नाही. मी एकेक नंबर जिवापाड जपून टाईप केला, पण रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा असतो हे विसरलो. एक्सेलला लांबलचक आकड्यांचा कंटाळा. त्यानं सगळे आखडून एकसारखे 1.05E+11 करून टाकले. डेटाबेसनं पहिली गाय आत घेतली आणि बाकीच्या दारातच अडवल्या. साडूंनी चष्मा काढला.

"पावणं, अख्ख्या गावात एकच गाय हाय का तुमच्या?"

"न्हाई, लई हायत."

"मग तिलाच सगळं गाव पिळून राहिलंय का? देवणी गाय, देशभर नाव, अन् तुम्ही तिचा नंबर पुसून टाकला. तिला वाचता आलं असतं तर शिंगावर घेतलं असतं तुमाला."

पोरं हसली. साडू त्यांच्याकडं वळले. "दात काय काढता? तुमच्या शीटा बघितल्यात म्या." परतीच्या एसटीत मी साडूंना एकाहून एक तिखट उत्तरं दिली. ऐकायला ते तिथं नव्हते, हे बरं.

गेल्या वर्षी क्लास बसला, पण साडूंच्या तोंडापायी नव्हे. पोरं मोबाईलवर बघून शिकायला लागली, आणि मोबाईल कुणावर रागावत नाही. माडीवर आता मेसचीच दुसरी पंगत बसते. साडू घरी बसले आणि त्यांचा राग कुठं गेला कोण जाणे. सुरुवातीला अक्काला हायसं वाटलं. मग एक दिवस तिचा फोन आला. "भाऊजी, चार दिस झाले, म्या मुद्दाम बिनसाखरेचा चहा देऊन राहिले. मुकाट पितेत, अन् म्हणतेत, बरंय. भाजी करपली तरी बरंय. दिसभर भिताडाकडं बघत बसतेत. मला लई भ्या वाटून राहिलंय. तुमची एखादी घाण शीट घिऊन या की."

मी दोन दिवस खपून आयुष्यातली सर्वांत घाण शीट केली. वर ॥ श्री ॥, जोडलेले रकाने, मोकळ्या ओळी, गाय व्याल्याच्या तारखेला 'पोळ्याच्या आदल्या दिवशी', आणि तिच्या आईच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे'. साडूंनी शीट उघडली. श्री काढला. जोडलेले रकाने सोडवले. मोकळ्या ओळी काढल्या. पोळ्यापाशी जरा थांबले आणि म्हणाले, "बरंय." चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या अक्काचा चेहरा उतरला.

"पावणं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिनं सांगितलं म्हणून केलंय नव्हं? चुकून माणूस एवढं चुकत न्हाई."

मी शीट बंद करायला हात पुढं केला. पण साडूंचा हात मध्येच थांबला होता. शेवटचा रकाना बिल्ल्यांचा. त्यात मी काहीही मुद्दाम केलं नव्हतं. तेवढा एक मन लावून भरला होता. वरपासून खालपर्यंत 1.05E+11.

साडूंनी चष्मा काढला.

"ही गाय परत आली?"

"ते खरंच चुकून झालं," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. इतकी वर्सं झाली, एक रकाना टेक्स्ट करता येईना तुमाला? डोकं हाय का कडब्याची पेंडी?" आवाज चढत गेला. त्यांनी उठून पंखा वाढवला, अक्काच्या हातातला कप घेतला, एक घोट घेतला, आणि कप तिच्यासमोर धरला. "अन् ह्याच्यात साखर कुठाय? किती दिवस झाले, साखर कुठाय ह्या घरात?"

अक्का साखर आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मी पुन्हा दर रविवारी जातो. मुद्दाम काही बिघडवत नाही, त्यांना लगेच कळतं. घरी प्रामाणिकपणे, मन लावून शीट करतो, आणि देवाच्या दयेनं अजून एकदाही बोलणी न खाता कोरडा परत आलेलो नाही. फक्त एसटीत बसलो की कधीकधी मनात येतं, एखाद्या रविवारी मला हे सगळं नीट यायला लागलं तर काय करायचं.