शंभर पाण्यांचं तूप

आमच्या घरात देवघरातलं तांब्याचं ताम्हण खाली उतरलं, की गल्लीला कळतं: कुणाचं तरी कातडं सोललंय. त्या ताम्हणात गाईचं तूप घ्यायचं, वर पाणी घालायचं, तांब्याच्या बुडानं घोटत बसायचं. पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं, नवं घालायचं. असं करत राहिलं की तूप पांढरंशुभ्र होतं, हाताला गार लागतं. याला म्हणायचं शंभर पाण्यांचं तूप. शंभर कुणी मोजत नाही. हात दुखून आला की शंभर झाले.

भाजण्यावर, भेगांवर मी हे तूप अख्ख्या गल्लीला पुरवलंय आणि पुरवताना भाव खाल्लाय. पदर खोचून दारात बसायचं, येणारा-जाणारा विचारेल असं बसायचं. पण गेल्या उन्हाळ्यात ताम्हण उतरवलं तेव्हा मी आत, कोपऱ्यात बसले. तूप माझ्या नातीसाठी होतं.

लेक पहिलटकरीण. सासर लोहारा गावचं, बाळंतपणाला आमच्याकडं, भूमजवळच्या या गावात आलेली. लेकरू छान होतं, नाक आजोबांवर गेलेलं, तेवढंच वाईट. मग जांघेत लाल चट्टा दिसला. मग तो मागं पसरला. लेकरू मुतलं की आधी श्वास कोंडायचं, तोंड उघडं, आवाज नाही, आणि मग अशी किंकाळी की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहायची.

माझी थोरली नणंद बाळंतपणासाठी तेरहून आलेली. तिला सगळे अक्का म्हणतात. तिनं पहिला निकाल दिला. "त्या डायपरनं झालंय. पिलास्टिक हाय ते. लेकरू उकडतंय आत."

पटलं. डायपरचा पुडा माळ्यावर गेला. यांची जुनी धोतरं आणि माझी मऊ झालेली सुती लुगडी फाडून ढीगभर लंगोट झाले. आता दिवसभर लंगोट, म्हणजे दिवसभर धुणं. ते कुणी करायचं, यावर मी आणि अक्का एकमेकींकडं बघत होतो, तेवढ्यात हे म्हणाले, "म्या धुतो."

हे माझे यजमान. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात स्वतःचं बनियन पाण्यात बुचकळण्यापलीकडं काही धुतलं नाही. अक्काच्या हातातली वाटी खाली पडली.

"तू? लंगोट?"

"व्हय. माझी लेक एवढी हुती तवा मी गाडीवर. रात्री आलो की ती झोपलेली, पहाटे निघालो की झोपलेली. आता नातीचं तरी करू दे की."

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीसमोर दगडावर बसून हे लंगोट धुवायला लागले. पावडर मूठभर, हात सैल. घासायचे असे, जणू गाडीच्या काचेवरचा चिखल काढतायत. भिंतीपलीकडून शेजारीण डोकावायची. "भाऊजी, आमचं बी टाकू का?" हे म्हणायचे, "टाका की, पण पाणी तुमचं." आणि दोरीवर लंगोट असे पांढरे, की मी दहा बायकांना ते दाखवले.

पाण्याचं मात्र यांचं जुनंच. आमच्या भागात नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. दारातलं टिपाड, म्हणजे मोठं पिंप, भरलं की त्यावर झाकण, झाकणावर दगड, आणि दगडावर यांची नजर. अर्ध्या बादलीत अंघोळ करून त्याच पाण्यात बनियन बुचकळणारा माणूस. मी तूप धुवायला बसले की तांब्या-तांब्याला यांचा जीव तुटायचा.

"अगं, तुझं तूप अंघोळ करतंय का लग्नाला निघालंय?"

"तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे ते."

"आसंल की. माझ्यापेक्षा जास्त पाणी पितंय."

लग्न तुपाचं, वरात लेकराची. तूप लावलं, लाली थोडी निवली, दुसऱ्या दिवशी परत उसळली. अक्का हसली नाही, पण तिचे डोळे हसले. तिनं शेणीची राख मलमलीतून चाळून आणलेली. माझ्या तुपावर तिची राख बसली. दुपारी शेजारीण हळद घेऊन आली. कडुलिंबाचा पाला उकळून झाला. खोबरेल झालं. लेकराचं ढुंगण म्हणजे आमच्या तिघींची पाटी, एकीनं लिहायचं, दुसरीनं पुसायचं. लेक पलंगावर बसून बघायची. आधी ती आम्हाला हसायची. मग हसणं थांबलं. मग ती लेकरू आमच्या हातात द्यायला कचरायला लागली. कुशीत घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची.

भूमला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी लंगोट सोडला, वाकून पाहिलं, आणि विचारलं, "काय काय लावलंय?"

मी अक्काकडं पाहिलं. अक्कानं पंख्याकडं.

"राख अजिबात नको. हळदही नको. काहीच नको," डॉक्टर म्हणाले. "कोरडं ठेवा, थोडा वेळ उघडं ठेवा, हा मलम पातळ लावा. लंगोट नीट धुता ना?"

इथं आमचं चुकलं. विचारलं होतं धुण्याबद्दल, आम्ही सांगितलं धुणाऱ्याबद्दल.

"माझा भाऊ सोता धुतोय, साहेब!" अक्का उभीच राहिली. "डायवर माणूस!"

"दुधासारखे पांढरे असतात," मी म्हणाले.

"वा, आजोबा!" डॉक्टर म्हणाले. हे लाजून दाराकडं सरकले. पुढचं लेकरू आत आलं.

मलमानं आग कमी झाली, पण कातडं मिटेना. एका जागी खपली धरायची, शेजारी नवं सोलायचं. लोहाऱ्याहून विहीणबाईंचा फोन आला. त्या गोड बोलल्या, तेच जास्त लागलं. "आमच्याकडं आणता का? इकडं बोअरला पाणी आहे, जागा आहे. तुम्ही तरी किती करणार?" लेकीनं फोन ठेवला आणि पिशवीत कपडे भरायला घेतले.

"आई, तुझ्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. "पण हिची आग मला बघवत नाही. दवाखान्यातनं इथं आल्यापासनं वाढतच चाललंय."

बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत माहेरातून उठून गेली, तर गाव काय म्हणेल, हे माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण ते वरवर. खाली दुसरंच होतं. तिचं खरं होतं. इथं आल्यापासनंच वाढत होतं. आमच्याच घरात काहीतरी होतं, आणि ते मला दिसत नव्हतं.

त्याच दुपारी लेकरानं शी केली. पुसायला कापूस संपलेला. मी दोरीवरचा वाळलेला लंगोट ओढला. पापडासारखा कडक. वाटीतल्या कोमट पाण्यात बुडवला, पिळला, आणि बोटांच्या बेचक्यांतून फेस आला.

परत बुडवला. परत फेस.

मी लेकीच्या पदरानंच लेकरू पुसलं आणि वाटी घेऊन बाहेर आले. हे दगडावर बसून धूत होते. समोर एकच बादली. पहिला लंगोट त्यात खळबळला, मग दुसरा, मग सगळेच. पाणी दुधासारखं झालेलं आणि हे त्याच दुधातून लंगोट काढून, नीट झटकून, दोरीवर घालत होते. मूठभर पावडर, आणि वर बादलीभर कंजुषी. तुपाला शंभर पाणी, आणि लंगोटाला एक. मी रोज समोरून जात होते. मला फक्त पांढरा रंग दिसत होता.

एरवी असली संधी मी सोडली नसती. कमरेवर हात ठेवून अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं. पण यांनी मान वर करून विचारलं, "झोपली का गं माझी बाय?" आणि मी वाटी नुसती पुढं केली, लंगोट त्यात बुडवला, पिळला.

यांनी फेसाकडं पाहिलं. मग बादलीकडं. मग आपल्या हातांकडं. त्या पावडरीनं त्यांचीही बोटं फुटलेली होती, आणि ती त्यांनी कुणाला दाखवली नव्हती.

"म्या केलं व्हय हे?"

"पाणी कमी पडलं," मी म्हणाले.

"पाणी व्हतं की गं टिपाडात."

ते उठले. टिपाडावरचा दगड काढला, झाकण काढलं. दोरीवरचे वाळलेले, ओले, सगळे लंगोट खाली घेतले. बादली भरली, खळबळली, ओतली. परत भरली. पाणी अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी वाहत गेलं, फेस घेऊन. अक्का दारात येऊन उभी राहिली, "आरं, आरं" म्हणाली. टिपाडाचा तळ दिसेपर्यंत हे थांबले नाहीत. शेवटचं पाणी त्यांनी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. "बघ गं, फेस हाय का? माझे डोळे धड न्हायत."

नव्हता.

लेकीला मी सांगितलं. पिशवी भरलेलीच राहिली, दाराशी. आणि यांनी लेकराला घेणं बंद केलं. जवळ यायचे, बघायचे, हात मागं बांधायचे. लंगोट मात्र कुणाला धुवू दिले नाहीत. पावडर बंद झाली, जरासा साबण आला. आणि रोज पेला माझ्यापुढं. माझ्या तुपाचं आता काही काम नव्हतं. वाटी फडताळात मागं सरकली. डॉक्टरांचा मलम आणि उघडी हवा, एवढंच चाललं.

लाली फिकी झाली होती, पण लेकीला भरवसा नव्हता. लोहाऱ्याला निरोप गेलेला, जीप येणार होती. त्या सकाळी तिनं काही न विचारता लेकरू बापाच्या मांडीवर ठेवलं. "अण्णा, धरा जरा. मी वेणी घालते."

हे ताठ बसले, गाडीत नवीन बसलेल्या पॅसेंजरसारखे. थोड्या वेळानं यांच्या पायजम्यावर ओल पसरायला लागली. लेकीची वेणी अर्ध्यात थांबली. अक्का थांबली. मी कान मिटून घेतल्यासारखी उभी राहिले.

लेकरानं श्वास कोंडला नाही. अंगठा तोंडात घातला आणि आजोबांच्या नाकाकडं बघत राहिलं.

हे हलले नाहीत. "उठा की, बदला पायजमा," मी म्हणाले.

"बसू दे गं," ते म्हणाले. "तिचं व्हऊ दे."

लेकीनं वेणी पुरी केली नाही. फोन घेऊन अंगणात गेली, जीप पाठवू नका असं लोहाऱ्याला सांगायला. आणि यांनी त्या दिवशी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अंघोळीला पुरी बादली घेतली.