आईच्या क्रूसाखालच्या पायऱ्या

४ एप्रिल, शनिवार. उद्या ईस्टर. मी साहेबांच्या आजोबांच्या क्रूसाला चुना लावत होते.

आमच्या कबरस्थानात ही रीतच आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायकांनी जुन्या घराण्यांच्या कबरी धुवायच्या, क्रूस पांढरे करायचे. याला सेवा म्हणतात. आईने ती जन्मभर केली. आता मी अकोल्यातली मेस तीन दिवस बंद ठेवते, मूर्तिजापूरला एसटी बदलते, येते आणि करते.

जुन्या घराण्यांचे क्रूस दगडी, तीन पायऱ्यांवर उभे. पायऱ्यांची नावं विश्वास, आशा, प्रीती. आमची ओळ कुंपणाला लागून. तिथे क्रूस थेट मातीत. गेल्या महिन्यात गवंडी लावून मी आईच्या क्रूसाखाली पायऱ्या बांधून घेतल्या. आमच्या ओळीतल्या पहिल्याच.

साहेब आले. साहेब म्हणजे मंडळीचे, आमच्या चर्चचे, अध्यक्ष. काम ऊन चढायच्या आत उरक म्हणाले. मग जाता जाता:

"तुह्या मायच्या पायऱ्या काल काढून टाकल्या. लोक मले विचारून राहिले होते, हे कोणतं घराणं म्हणून."

सोबतची माणसं हसली.

काल गुड फ्रायडे होता. दुपारी हेच साहेब वेदीजवळ उभे राहून क्षमेवर बोलले होते.

मी कुंपणाशी जाऊन पाहिलं. विटांचा ढीग. क्रूस कलंडलेला. परत येऊन विचारलं, "कावून पाडल्या, साहेब?"

"तुमाले उभा-आडवा पुरे. पायऱ्या घराण्याले लागतात."

पोलिसात जाऊन काय सांगणार? ख्रिस्ती झालो तशी आमची जात सरकारी कागदावरून गेली. ॲट्रॉसिटी लागत नाही. कबरस्थानातून मात्र जात गेली नाही. लहानपणी शिकवलं होतं, क्रूसाचा उभा दांडा देवाकडे, आडवा शेजाऱ्याकडे. यांचा आडवा दांडा कुंपणापर्यंत कधी पोचला नाही.

साहेबांच्या आजोबांच्या क्रूसाचा एक हात पांढरा झाला होता, दुसरा शेवाळाने काळा. तसाच सोडला. बायकांना म्हटलं, ब्रश ठेवा. शेजारची काकू घाबरली. "साहेब काय म्हणतीन वं?"

"म्हणू दे. त्याच्या सुनेले हात नाहीत का?"

चौघी उठल्या. बाकीच्या चुना लावत राहिल्या. त्यांचंही मी लक्षात ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ईस्टरच्या प्रार्थनेला मंडळी मेणबत्त्या घेऊन त्या अर्ध्या काळ्या क्रूसाभोवती जमली. गीत सुरू झालं. मी कुंपणाशी आईचा क्रूस सरळ केला, सिमेंट कालवलं, वीट ठोकून बसवायला लागले. ठोकण्याचा आवाज गीतात घुसत होता. गीत तुटलं. साहेब तरातरा आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, बंद कर.

मी हात थांबवला नाही. "पुन्हा पाडा, साहेब. मंग मी तुमच्या आजोबाच्या पाडीन. दिवसाढवळ्या, तुमच्यासमोर."

त्यांचा बूट नेमका खालच्या पायरीच्या जागेवर होता.

"पाय काढा."

काढला. मी तिथे सिमेंट टाकलं. पायरी त्यांच्या आजोबांच्या पायरीपेक्षा वीतभर रुंद धरली.